पात्रांपासून गृहीतकांपर्यंत : ‘अ‍ॅटलास श्रग्ड’ आणि अ‍ॅलन ग्रीनस्पॅन

प्रास्ताविक

तत्त्वचिंतनपर कादंबरी वाचकाच्या नीतिकल्पनांवर परिणाम करते, हे आपल्याकडे नवे नाही. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’ किंवा ‘सुशीलेचा देव’ या कादंबऱ्यांत पात्रे तत्त्वचर्चा करतात आणि वाचक त्या चर्चेत ओढला जातो. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादातही साहित्य जीवनाला काही देते काय, हाच प्रश्न होता. मात्र तेथे ‘जीवन’ या शब्दाचा अर्थ बहुधा नीती, प्रेम, ध्येयवाद असा घेतला गेला. कर किती असावेत, सरकारने बँकांवर देखरेख ठेवावी की नाही, अशा प्रश्नांवरील मत एखादी कादंबरी घडवू शकते काय, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात तो एका उदाहरणाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. आयन रँड यांची ‘अ‍ॅटलास श्रग्ड’ (1957) ही कादंबरी आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे 1987 ते 2006 या काळातील अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन हे ते उदाहरण होय.

रँड यांच्या कादंबऱ्या आपल्या महाविद्यालयांत, विशेषतः अभियांत्रिकी व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांत, इंग्रजीतून वाचल्या जातात. मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादांमुळे त्या मराठीतही उपलब्ध झाल्या आहेत. अभ्यासक्रमात नसलेले हजार पानांचे पुस्तक विद्यार्थी आपण होऊन वाचतात आणि वाचल्यावर काही काळ निराळ्या आवाजात बोलू लागतात, हा अनुभव अनेक प्राध्यापकांना असेल. त्या आवाजाकडे स्मितहास्य करून दुर्लक्ष करणे सोपे आहे. ग्रीनस्पॅन यांचे उदाहरण पाहिले म्हणजे ते तितकेसे शहाणपणाचे वाटत नाही.

एकाच शहरातील दोन ग्रंथ

कादंबरीने राजकीय माणूस घडवल्याचे याहून जुने उदाहरण रशियात सापडते. निकोलाय चेर्निशेव्हस्की यांनी सेंट पीटर्सबर्गच्या किल्ल्यातील तुरुंगात ‘काय करावे?’ ही कादंबरी लिहिली. ती 1863 मध्ये प्रसिद्ध झाली. थोरल्या भावाला फाशी झाल्यानंतर, 1887 च्या उन्हाळ्यात तरुण लेनिनने भावाच्या आवडीचे हे पुस्तक पुन्हा लक्षपूर्वक वाचले, आणि 1902 मध्ये आपल्या पुस्तिकेला तेच शीर्षक दिले. या कादंबरीतील व्हेरा पाव्हलोव्हना सहकारी तत्त्वावर शिवणकामाची कार्यशाळा काढते. प्रत्यक्षातही काही वाचकांनी तशा कार्यशाळा काढून पाहिल्या. पण लेनिनवर पडलेला ठसा त्या कार्यशाळेच्या हिशेबाचा नव्हता. खिळ्यांच्या शय्येवर निजून स्वतःची कसोटी पाहणाऱ्या राखमेतोव्ह या पात्राचा, म्हणजे क्रांतिकारक माणूस कसा असावा याच्या एका नमुन्याचा, तो होता.

रँड यांचा जन्म त्याच शहरात 1905 मध्ये झाला. बोल्शेव्हिक राजवटीत त्यांच्या वडिलांचे औषधांचे दुकान जप्त झाले. 1926 मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. विस्मयाची गोष्ट अशी की, चेर्निशेव्हस्की आणि रँड या दोघांच्याही नीतिविचाराचा आरंभ ‘विवेकी स्वार्थ’ या एकाच कल्पनेतून होतो. मनुष्याने डोळसपणे स्वतःचे हित पाहावे, असे दोघेही सांगतात. एकाच्या हाती ती कल्पना सहकारी कार्यशाळेकडे जाते, तर दुसरीच्या हाती निर्बंधमुक्त भांडवलशाहीकडे. तेव्हा दोन्ही कादंबऱ्यांतील आर्थिक निष्कर्ष केवळ तत्त्वातून निघालेले नाहीत, हे उघड आहे. लेखकाने त्या तत्त्वाभोवती कोणती माणसे उभी केली, यावर ते निष्कर्ष अवलंबून आहेत.

पुलावरून जाणारे इंजिन

‘अ‍ॅटलास श्रग्ड’मधील जॉन गाल्टचे प्रदीर्घ नभोवाणी भाषण म्हणजे तिचे तत्त्वज्ञान, असे सहसा मानले जाते. ते लिहिण्यास रँड यांना दोन वर्षे लागली. तरीही कादंबरी म्हणून पाहता ते भाषण हा तिचा सर्वांत दुर्बल भाग आहे, आणि वाचकाचे मत त्याने बदलत असेल असे वाटत नाही. मत बदलते ते दोन प्रसंगांनी. ट्वेंटिएथ सेंच्युरी मोटर कंपनीत ‘कुवतीप्रमाणे काम, गरजेप्रमाणे दाम’ हा नियम लागू केल्यावर माणसे एकमेकांची शत्रू कशी बनली, हे एक भटका माजी कामगार आगगाडीच्या डब्यात सांगतो. येथे सिद्धांत नाही, केवळ हकिकत आहे. शेजाऱ्याच्या घरी मूल जन्मले की मनात कटुता कशी येते, हे ती दाखवते. समतावादी व्यवस्थेविरुद्धचे कोणतेही पाठ्यपुस्तकी प्रतिपादन इतके परिणामकारक होणार नाही.

दुसरा प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. हँक रिअर्डन या पोलाद कारखानदाराने दहा वर्षे खपून नवा मिश्रधातू तयार केला आहे. तो धोकादायक आहे, असा प्रवाद पसरवला जातो. त्या धातूच्या रुळांवरून आणि त्याच धातूच्या पुलावरून पहिली गाडी भरधाव जाते, तेव्हा इंजिनात स्वतः रिअर्डन आणि रेल्वेमार्ग बांधणारी डॅग्नी टॅगर्ट उभे असतात. या मार्गासाठी पैसा देणारे कोलोरॅडोचे उद्योजकच त्यावरून आपला माल नेणार आहेत. धातू बनवणारा, मार्ग बांधणारी आणि पैसा गुंतवणारे यांपैकी कोणीही पुलाच्या सुरक्षित बाजूस उभे नाही. अशा जगात सरकारी निरीक्षक खरोखरच अनावश्यक वाटतो. वाचकाला तो युक्तिवादाने अनावश्यक ठरत नाही. गाडी पूल ओलांडते त्या क्षणी तो मनातून उतरतो.

ग्रीनस्पॅन हे रँड यांच्या निकटच्या वर्तुळात होते. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळींत बसून त्यांनी या कादंबरीची प्रकरणे हस्तलिखितात वाचली. प्रतिकूल परीक्षण आल्यावर त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला पत्र पाठवून तिचे समर्थन केले. आपण पूर्वी आकडेवारीपुरते पाहत होतो, माणसे आणि त्यांची मूल्ये यांकडे पाहण्यास रँड यांनी शिकवले, अशा आशयाची कबुली त्यांनी 2007 च्या आत्मचरित्रात दिली आहे. 1963 मध्ये रँड यांच्या वार्तापत्रात त्यांनी एक निबंध लिहिला. प्रामाणिक व्यवहाराची कीर्ती हेच व्यापाऱ्याचे भांडवल असते, म्हणून ग्राहकाचे संरक्षण त्याचा स्वार्थच करतो आणि सरकारी नियंत्रण उलट ते संरक्षण दुबळे करते, असे त्याचे प्रतिपादन आहे. या निबंधातील व्यापारी कोणत्याही सर्वेक्षणातून आलेला नाही. तो रिअर्डन आहे.

1974 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष म्हणून ग्रीनस्पॅन यांचा शपथविधी झाला, तेव्हा रँड उपस्थित होत्या. पुढे 1998 मध्ये ब्रुक्सली बॉर्न यांनी खासगीरीत्या होणाऱ्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांवर नियंत्रण असावे काय, याची चर्चा सुरू केली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत ग्रीनस्पॅन होते. येथे सावधगिरी आवश्यक आहे. त्या विरोधात रॉबर्ट रुबिन आणि लॅरी समर्स हेही होते, आणि ते काही रँड यांचे अनुयायी नव्हते. मुक्त बाजाराचे समर्थन त्या काळी अर्थशास्त्रज्ञांत सर्वत्र आढळत होते. शिवाय ग्रीनस्पॅन यांनी कादंबरी आचरणात आणली, असेही नाही. सुवर्णमानाचा पुरस्कार करणारा निबंध 1966 मध्ये लिहिणारा हा गृहस्थ पुढे कागदी चलन काढणाऱ्या संस्थेचा प्रमुख झाला. सक्तीच्या करांवाचून शासन कसे चालावे, याचे रँड यांनी दिलेले उत्तर अपुरे होते, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. तेव्हा कादंबरीने धोरण ठरवले, असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. कादंबरीने त्यांना दिली ती माणसाच्या स्वभावाविषयीची खात्री.

23 ऑक्टोबर 2008 रोजी, आर्थिक अरिष्ट ऐन भरात असताना, अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली. बँकांचा स्वार्थच त्यांच्या भागधारकांचे रक्षण करील, हे मानण्यात आपली चूक झाली, असे त्यांनी सांगितले. आपल्या विचारव्यूहात दोष आढळला आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ तो व्यूह उत्तम चालत असल्याचा पुरावा आपल्यासमोर होता, असेही ते म्हणाले. 2008 मधून चाळीस वजा केले की आपण त्या निबंधांच्या काळापाशी पोहोचतो.

समीक्षक म्हणून मला येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. चूक कादंबरीत होती की वाचनात? गृहकर्ज देणारी संस्था ते कर्ज विकून मोकळी होत होती. अशा कर्जांची मोट बांधून रोखे काढणारा ते तिसऱ्यालाच विकत होता. अधिकाऱ्याचे वेतन या वर्षीच्या नफ्यावर ठरत होते. पूल बांधणारा इंजिनात नव्हता. रिअर्डनच्या प्रामाणिकपणाला कादंबरीने मालकी, नाव आणि प्रत्यक्ष देह अशी तिहेरी हमी दिलेली आहे. ही हमी जेथे नाही तेथे रिअर्डन सापडणार नाही. इतकेच नव्हे, तर वजन वापरून नफा कमावणारा आणि जबाबदारी आली की हात वर करणारा जेम्स टॅगर्ट हा रेल्वे कंपनीचा अध्यक्षही याच कादंबरीत आहे. ग्रीनस्पॅन यांनी दोघांनाही जवळून पाहिले होते, पण धोरणाच्या टेबलावर बसताना त्यांनी समोरच्या बँकरांत पहिलाच पाहिला. रँड यांचे समर्थक 2008 चे अरिष्ट टॅगर्टसारख्यांनी आणले असे म्हणतात, तेव्हा ते ग्रंथाशी अधिक प्रामाणिक असतात. मात्र खऱ्या बाजारात टॅगर्ट आणि रिअर्डन यांना आगाऊ कसे ओळखावे, या प्रश्नावर ते आणि कादंबरी दोघेही गप्प आहेत. कादंबरीत ते सोपे आहे, कारण रँड चेहऱ्याच्या वर्णनापासूनच माणसांची वर्गवारी करतात. हा तिचा वाङ्मयीन दोष आहे आणि आर्थिक दोषही तोच आहे.

वाचक कादंबरीतून निवडून घेतो, याचे आणखी एक उदाहरण पॉल रायन या रिपब्लिकन नेत्याचे. सार्वजनिक जीवनात येण्याची प्रेरणा रँड यांच्याकडून मिळाली, असे त्यांनी 2005 मध्ये सांगितले. 2012 मध्ये मात्र त्यांच्या निरीश्वरवादी तत्त्वज्ञानापासून स्वतःला दूर केले. अर्थकारण राहिले, अध्यात्मनिषेध गळाला. रँड असत्या तर त्यांना हे मुळीच मानवले नसते; त्यांच्या मते ही इमारत एकसंध होती.

2009 मध्ये, अरिष्टानंतर लगेच, ‘अ‍ॅटलास श्रग्ड’ची विक्री घटण्याऐवजी वाढली. ज्या साक्षीत तिच्या सर्वांत सामर्थ्यशाली वाचकाने आपल्या विचारव्यूहातील दोष मान्य केला होता, ती साक्ष या नव्या वाचकांपैकी अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिलीही असेल. ते पुस्तकाकडे वळले ते बुडणाऱ्या बँकांना सरकारी पैशाने वाचवण्यात आले, या संतापापोटी. त्यांना त्यात टॅगर्ट दिसत होता.