बुद्धवचनातील 'तू' आणि 'तुम्ही'

बुद्धवचनाच्या मराठी अनुवादांची चर्चा बहुधा अनिच्च, अनत्ता, निब्बान अशा पारिभाषिक शब्दांपाशीच थांबते. द्वितीयपुरुषी सर्वनामाकडे सहसा कोणी वळत नाही. आमच्या मते अनुवादकाची खरी कसोटी तेथेच लागते.

या बाबतीत चिनी परंपरा उद्बोधक आहे. 'सद्धर्मपुण्डरीका'च्या कुमारजीवकृत अनुवादात (इ. स. 406) बुद्ध शारिपुत्राला 'रू', म्हणजे 'तू', म्हणतात, शिष्य मात्र सर्वनाम टाळून 'लोकपूजित' या अर्थाचे संबोधन योजतो. पुढे ध्यानसंप्रदायाच्या आचार्यांची वचने बोलीत लिहिली गेली आणि 'नी' हे सर्वनाम ग्रंथांत शिरले. त्याचे अक्षर म्हणजे एका जुन्या सर्वनामाच्या अक्षराला मनुष्यचिन्ह जोडून झालेले रूप. ते पूर्ण व संक्षिप्त अशा दोन प्रकारे लिहितात. जपानी वाचक ही सारी अक्षरे पाहून 'नान्जी' हा एकच शब्द उच्चारतो! विसाव्या शतकातील चिनी लेखनात स्त्रीसाठी स्त्रीचिन्हाचा 'नी' आला, ख्रिस्ती लेखनात ईश्वरासाठी देवताचिन्हाचा. हृदयचिन्हाचे 'निन्' आदरार्थी रूढ झाले. कुमारजीवापुढे हे अक्षरभेद नव्हते. मराठी अनुवादकाला मात्र 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतून निवड करावीच लागते.

मूळ पालीत काय आहे? पसेनदि राजा, अस्सलायन हा ब्राह्मण तरुण आणि राहुल या तिघांनाही प्रश्न विचारताना भगवंतांचे क्रियापद एकच, एकवचनी 'मञ्ञसि'. राजाचा मान 'महाराज' या संबोधनात आहे, क्रियापदात नाही. श्रेष्ठिपुत्र यसाला 'एहि', आणि थेरगाथेतील झाडलोट करणाऱ्या सुनीतालाही 'एहि'च.

मराठीत मात्र राजाला 'आपणांस काय वाटते?' आणि सुनीताला 'तू ये' असे सहज लिहून जाते. हे भाषेचे वळण म्हणून सोडून द्यावे, हे आम्हांस पटत नाही. ज्यांच्या वाडवडिलांना पिकल्या केसांनीही गावात 'अरे-तुरे' ऐकावे लागले, ते आज दहिसरच्या विहारात हे वाचतात. मुळात नसलेली उतरंड बुद्धमुखी घालणे हा पाठभेद नव्हे, पाठभ्रंश होय.

पालीत आदराचे नियम नाहीत असे नाही. महापरिनिब्बानसुत्तानुसार नवक भिक्खूने ज्येष्ठाला 'भन्ते' म्हणावे, ज्येष्ठाने नवकाला 'आवुसो'. पण हे ज्येष्ठत्व संघातील वर्षांचे, कुळाचे नव्हे. म्हणून बाल राहुलाला 'तू' शोभते. पसेनदिला 'तुम्ही' लिहिणाऱ्याने सुनीतालाही 'तुम्ही'च लिहावे.