बंद दप्तर आणि सेनानीची साक्ष

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचे 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' हे इंग्रजी आत्मचरित्र १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. कोल्हापूरकडील वडगावात जन्मलेल्या, सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेतलेल्या, ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत पराक्रम गाजवलेल्या आणि कोरियात भारतीय पहारा दलाचे नेतृत्व केलेल्या एका सेनानीची ही जीवनकथा आहे. पुस्तकाचे नाव छावणीच्या दिनक्रमातून आले आहे. रेव्हेली हा पहाटे सैनिकांना जागे करणारा बिगूल, तर रिट्रीट हा सूर्यास्ताला निशाण उतरवताना वाजणारा बिगूल. त्यामुळे एका शिपाईगड्याचा उदयास्त एवढाच अर्थ प्रथमदर्शनी मनात येतो. परंतु इंग्रजीत त्याच दुसऱ्या शब्दाला माघारीचाही अर्थ आहे. १९६२ च्या पराभवासंबंधीची पाने वाचताना वाचकाला तो अर्थ टाळता येत नाही.

या ग्रंथाचे मर्म लखनौ छावणीत आहे. १९५७ ते १९६१ या काळात थोरात ईस्टर्न कमांडचे सेनापती होते आणि त्या कमांडचे मुख्यालय त्या वेळी लखनौला होते. १८५७ च्या रणकंदनाच्या खुणा जपणाऱ्या या शहरात बसून शेकडो मैल दूर असलेल्या ईशान्य सीमेचा विचार करावयाचा होता. ऑगस्ट १९५९ मध्ये लाँगजू येथे चकमक झाली आणि त्यानंतर नेफाच्या सीमेची जबाबदारी सैन्याकडे आली. ऑक्टोबर १९५९ मध्ये थोरातांनी त्या सीमेच्या संरक्षणाचे एक टिपण सिद्ध करून सेनाप्रमुख थिमय्या यांच्याकडे धाडले. चीनकडून आक्रमण संभवते, उपलब्ध बळावर ते सीमेवरच थोपवता येणार नाही, म्हणून पुढची ठाणी केवळ सूचना देण्यापुरती ठेवून खरी लढाई मागे, स्वतःला सोयीच्या भूमीवर द्यावी, असा त्याचा आशय. पुढे १७ मार्च १९६० रोजी लखनौलाच 'लाल किल्ला' या नावाची युद्धकवायत झाली आणि टिपणातील अनुमाने तेथे तपासून पाहण्यात आली. थोरातांच्या कथनानुसार संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी हे सारे अनावश्यक भीती पसरवणारे ठरवून बाजूस सारले. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नमका चू, तवांग, से ला आणि बोमदिला एकामागून एक पडत गेले.

निवेदक म्हणून थोरातांची भूमिका येथे बदलते. बालपण, शिक्षण आणि युद्धे यांच्या कथनात ते आठवणी सांगतात. लखनौच्या प्रकरणात मात्र ते साक्ष देतात. आठवण सांगणाऱ्याला वातावरण, माणसे आणि क्षणांचा रंग महत्त्वाचा वाटतो. साक्ष देणाऱ्याला तारीख लागते, कागद कोणी कोणाकडे पाठवला हे लागते, आधी कोणी काय म्हटले होते हे लागते. ग्रंथाच्या या भागाला लाभलेला कोरडेपणा लेखनाचे न्यून मानता येणार नाही. न्यायासनच नसलेल्या खटल्यात जबानी देणाऱ्याची ती भाषा आहे.

या भागातील सर्वांत नाट्यपूर्ण प्रसंग युद्धानंतरच्या भेटीचा आहे. पंडित नेहरूंनी आपणास बोलावून घेतले, ते टिपण पाहिले आणि हे आपल्याला का दाखवले गेले नाही असे विचारले, असे थोरात सांगतात. त्याचे उत्तर मेननच देऊ शकतील, असे त्यांनी उत्तर दिले. पराभूत राष्ट्राचा नेता आणि निवृत्त सेनानी यांच्यामध्ये एक जुना कागद ठेवलेला आहे, अशी ही प्रतिमा कोणाही नाटककाराला मोहात पाडील. तथापि समीक्षकाला येथे थांबावे लागते. या संवादाला तिसरा साक्षीदार नाही. शिवाय थिमय्यांनंतर सेनाप्रमुखपदासाठी थोरातांचे नाव घेतले जात असताना ती जागा प्राणनाथ थापर यांना मिळाली होती. निवेदकाला स्वतःची बाजू आहे, म्हणून त्याचे कथन खोटे ठरत नाही. पण ते ताडून पाहण्याची गरज त्यामुळे वाढते. ताडून पाहावयाचे तर ते कशाशी?

उत्तर एका दप्तरात आहे, आणि ते दप्तर बंद आहे. डिसेंबर १९६२ मध्ये नवे सेनाप्रमुख जयंतनाथ चौधरी यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांच्याकडे पराभवाची चौकशी सोपवली. १९६३ मध्ये अहवाल पूर्ण झाला. त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे ज्या नेमणुकीबद्दल महाराष्ट्राने अभिमानाने म्हटले, त्याच नेमणुकीत हा अहवाल त्यांच्या हाती आला. संसदेत तो प्रसिद्ध करण्याची मागणी झाली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केले. देशाची सुरक्षितता आणि सैन्याचे मनोधैर्य यांना बाधा येईल या कारणास्तव अहवाल सभागृहासमोर ठेवता येणार नाही, असे सांगून त्यांनी निष्कर्षांचा सारांश दिला.

या निवेदनाकडे एक संहिता म्हणून पाहण्यासारखे आहे. चौकशीची पाच कलमे त्यात क्रमाने येतात: सैनिकांचे प्रशिक्षण, साधनसामग्री, आज्ञापालनाची व्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि आपल्या माणसांवर प्रभाव पाडण्याची सेनाधिकाऱ्यांची पात्रता. पाचही कलमे सैन्याविषयी आहेत. धोरण ठरवणाऱ्यांसाठी स्वतंत्र कलम नाही. सर्वांत मोठ्या आणि सुसज्ज सैन्यालाही सरकारकडून धोरणाचे मार्गदर्शन मिळाले पाहिजे, हे तत्त्व निवेदनात येते खरे. परंतु ते मार्गदर्शन मिळाले की नाही, या प्रश्नापाशी वाक्य थांबते. दोष सांगितले जातात, दोषी कोण ते सांगितले जात नाही. राज्यकर्त्याच्या गद्याची ही एक विशिष्ट शैली आहे. तिच्यात असत्य नसते, फक्त प्रश्नाच्या मांडणीतच उत्तराची सीमा ठरलेली असते.

चव्हाणांच्या बाजूनेही विचार करणे न्यायाचे होईल. खचलेल्या सैन्याला पुन्हा उभे करण्याचे काम त्यांच्याकडे होते. सीमेवर तणाव कायम होता. चौकशीतून बळीचे बकरे शोधले जाण्याचा धोकाही खराच होता. त्यांचे खासगी सचिव असलेले राम प्रधान यांनी 'डिबॅकल टू रिव्हायव्हल' (१९९९) या ग्रंथात त्या काळाचा वृत्तान्त दिला आहे. चौकशीचा रोख पंतप्रधानांकडे वळेल, ही चिंता चव्हाणांच्या मनात होती, असे त्यातून दिसते. म्हणजे सुरक्षितता, मनोधैर्य आणि नेत्याची प्रतिष्ठा ही तिन्ही कारणे एकाच कुलपात गुंतलेली होती. १९६३ मध्ये त्यांतील पहिली दोन समर्थनीय मानता येतील. अडचण अशी की कुलूप लावताना ते केव्हा उघडावयाचे हे ठरवलेले नव्हते.

चव्हाणांचे 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र मराठीतील उत्तम आत्मचरित्रांपैकी एक आहे. देवराष्ट्रे आणि कऱ्हाड, दारिद्र्यातले शिक्षण, बेचाळीसच्या लढ्यातील मनाची ओढाताण हे सारे त्यात मोकळेपणाने आले आहे. हे पुस्तक १९८४ मध्ये निघाले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये चव्हाण निवर्तले. कथन १९४६ पाशी थांबते. दिल्लीतील वर्षांचा खंड लिहिला गेला नाही. त्यामुळे मराठी वाचकाच्या वाट्याला एक चमत्कारिक जोडी आली. ज्याने धोक्याची सूचना दिली तो सेनानी बोलला, पण इंग्रजीत आणि निवृत्तीनंतर पंचवीस वर्षांनी. ज्याने अहवालाला कुलूप लावले तो राजकारणी मराठीत लिहीत होता, पण त्या वर्षांपर्यंत पोहोचला नाही. दोन मराठी माणसांच्या आत्मकथनांमध्ये जी पाने कोरी राहिली, तेथेच तो अहवाल आहे.

अहवाल बंद राहिल्याचा एक परिणाम साहित्यावर स्पष्ट दिसतो. १९६२ वर पुस्तकांची एक मालिकाच निर्माण झाली. लेफ्टनंट जनरल कौल यांचे 'द अनटोल्ड स्टोरी' (१९६७), चिनी बंदिवास भोगलेल्या ब्रिगेडियर दळवींचे 'हिमालयन ब्लंडर' (१९६९), गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख मलिक यांचे १९७१ चे पुस्तक, मेजर जनरल निरंजन प्रसाद यांचे 'द फॉल ऑफ तवांग' (१९८१), आणि १९९१ मध्ये पलित यांचे 'वॉर इन हाय हिमालय'. प्रत्येक लेखक त्या घटनेतील एक पात्र होता. एकाने दुसऱ्याला उत्तर द्यावे आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडे बोट दाखवावे, असा हा संवाद आहे. त्यात परदेशी पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांच्या 'इंडियाज चायना वॉर' (१९७०) या पुस्तकाने वेगळाच पक्ष मांडला. मूळ अहवाल पाहिलेला तो एकटाच लेखक, आणि वाचकाने त्याच्या शब्दावर विसंबून राहावे अशी स्थिती होती.

मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी नाही. पानिपतानंतर बखरी लिहिल्या गेल्या. 'भाऊसाहेबांची बखर' वाचताना मराठी गद्याचे सामर्थ्य जाणवते. पण कोणी कोणाचा सल्ला ऐकला नाही, कोण केव्हा निघून गेला, यांविषयी बखर जे सांगते ते किती खरे हे बखरीतूनच ठरवता येत नाही. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यात पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे होती, आणि प्रस्तावनेत त्या पत्रांच्या आधारे बखरींची कठोर झडती घेतली होती. पुण्याचे पेशवे दप्तर मात्र इंग्रज सरकारने अभ्यासकांना दीर्घकाळ मोकळे केले नव्हते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत बाहेर पडले. राजवाड्यांचे काही निष्कर्ष त्र्यं. शं. शेजवलकरांनी पुढे अमान्य केले. कागद उघडल्याने वाद संपला नाही. पण वादाला प्रामाणिकपणा आला, कारण दोघांसमोर तीच पत्रे होती.

१९६२ ची आत्मकथने या दृष्टीने आधुनिक बखरी आहेत. त्यांतील पत्रे कुलपात आहेत आणि कुलपाची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९९२ मध्ये या युद्धाचा इतिहास सिद्ध केला, पण तोही सरकारने प्रकाशित केला नाही. माहितीचा अधिकार आल्यावर ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी अहवालाची मागणी केली. २००९ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने ती नाकारली. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की अहवाल अत्यंत संवेदनशील असून त्याला आजही लष्करी मूल्य आहे. मार्च २०१४ मध्ये मॅक्सवेल यांनी आपल्याजवळील भाग उघड केला. तेव्हा विरोधी बाकांवरील अरुण जेटली यांनी असे दस्तऐवज अनिश्चित काळ दडवून ठेवणे योग्य नाही असे लिहिले. जुलै २०१४ मध्ये तेच जेटली संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेत उत्तर देत होते, आणि उत्तर होते, अहवाल प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही. पक्ष बदलले, वाक्य तेच राहिले. १९६३ चे निवेदन एका आणीबाणीच्या प्रसंगी लिहिले गेले होते. पुढे ते प्रत्येक नव्या मंत्र्याच्या उपयोगी पडणारा साचा झाले.

उघड झालेल्या भागातून काय हाती आले? पुरेसे बळ नसताना पुढे पुढे ठाणी वसवण्याच्या धोरणावर आणि त्याला मान तुकवणाऱ्या सेना मुख्यालयातील वरिष्ठांवर अहवाल ठपका ठेवतो. लखनौहून पूर्वी दिल्या गेलेल्या सूचनेशी याचा सूर जुळतो, आणि तेवढ्यापुरते थोरातांच्या साक्षीला बळ मिळते. परंतु त्याच पानांत आणखी एक कबुली आहे. सेना मुख्यालयाच्या कारभाराची तपासणी चौकशीच्या कक्षेत नव्हती आणि तेथील व सरकारकडील महत्त्वाचे कागद चौकशी करणाऱ्यांनाच पाहावयास मिळाले नव्हते. म्हणजे बंद दप्तराच्या आतही दुसरे बंद दप्तर होते. अहवाल खुला होताच अंतिम सत्य हाती येईल ही अपेक्षा भोळी आहे. तोही एक लेख आहे, त्यालाही कक्षा आहे, त्यातही मौन आहे.

अहवाल खुला करण्याची मागणी यामुळे दुबळी होत नाही. वाचकाला हवा आहे तो तुलनेचा अधिकार. एकाच घटनेचे दोन लेख शेजारी ठेवता आले म्हणजे कोण कोठे थांबला, कोणी काय गाळले आणि कोणाची आठवण स्वतःच्या बाजूला झुकली हे दिसू लागते. हा अधिकार नसेल तर आत्मचरित्राचा वाचक एक तर भाविक होतो नाही तर संशयी. थोरातांवर विश्वास ठेवायचा तो त्यांच्या गणवेशाकडे पाहून, आणि अविश्वास दाखवायचा तो त्यांच्या हुकलेल्या पदाकडे पाहून. दोन्ही परी त्यांच्या लेखनावर अन्यायाच्या आहेत. ज्या माणसाने आपले म्हणणे तारीखवार, कागदावर, वेळेत मांडले, त्याला वाचकाची श्रद्धा नको असते. त्याला पडताळा हवा असतो.

१९६३ मध्ये ईस्टर्न कमांडचे मुख्यालय लखनौहून कलकत्त्याला हलले आणि लखनौ छावणीत सेंट्रल कमांड आली. कार्यालये बदलली, सीमेची जबाबदारी दुसऱ्यांकडे गेली. 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट'मधील लखनौ मात्र १९६० च्या मार्चमध्येच थांबलेले आहे. तेथे नकाशा पसरलेला आहे, कवायत पुरी झाली आहे, निष्कर्ष लिहून दिल्लीला पाठवला आहे आणि उत्तराची प्रतीक्षा चालू आहे.