पद, निवास आणि नियोजनाची भाषा

विद्यापीठाच्या भावी गरजांसंबंधी जे आराखडे आपल्याकडे तयार होतात, त्यांत शिक्षकांची पदे एका प्रकरणात व निवासाची व्यवस्था दुसऱ्या प्रकरणात येते. एक आस्थापनेचे, दुसरे बांधकामाचे, ही विभागणी कार्यालयाच्या सोयीची असेल. विषयाच्या स्वरूपाशी ती जुळत नाही. नांदेड-लातूरच्या भागात तर ती हानिकारकच ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झाले. १९५८ साली निघालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रातून नांदेड, लातूर व परभणी हे जिल्हे त्याच्याकडे आले. परभणीतून पुढे १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाला. मुख्य परिसर शहराबाहेर विष्णुपुरीस, आणि उपपरिसर शंभराहून अधिक किलोमीटर दूर लातुरास. दोहोंचे प्रश्न भिन्न आहेत. विष्णुपुरीस गोदावरीचा जलाशय शेजारी आहे. परंतु तास संपल्यावरही ग्रंथालय व प्रयोगशाळा जागत्या राहाव्यात, तर माणसे परिसरातच राहावयास हवीत. लातुरास शहर हाताशी आहे, पण ते शहर शिकवणीवर्गांचे. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांसाठी बाहेरगावांहून येणाऱ्या मुलांमुळे तेथे खोल्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे, आणि एम. ए. करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीस त्याच बाजारात भाडे शोधावे लागते. शिवाय पाणी. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील वसतिगृहाचा हिशेब खाटांपासून नव्हे, पाण्यापासून सुरू झाला पाहिजे.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) विद्यापीठांतील सुमारे ५० टक्के व संलग्न महाविद्यालयांतील २० टक्के शिक्षकांस निवासस्थान मिळावे, असे लक्ष्य सुचविले होते. हे प्रमाण आज कशाचे धरावयाचे? आज ‘शिक्षक’ ह्या एका शब्दाखाली मंजूर पदावरील, कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरील असे तीन वर्ग वावरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी कंत्राटी नेमणुकांस १० टक्क्यांची मर्यादा घातली. तासिकेचा मार्ग तेवढ्याने बंद झाला नाही. तासिका तत्त्वावरील शिक्षक तासापुरता मोजला जातो, आणि निवास मात्र पदाला मिळतो. परिणामी, घरांची संख्या मंजूर पदांवरून ठरवावी तर बांधलेली घरे कुलूपबंद राहण्याचा संभव, आणि भरलेल्या पदांवरून ठरवावी तर उद्या येणाऱ्यास जागा नाही. हा पेच अभियंत्यास सुटणारा नाही.

आता भाषेकडे वळू. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा मोह आवरत नाही. ‘पदे भरण्यात येतील’, ‘निवासस्थाने बांधण्यात येतील’ ही अशा आराखड्यांतील ठराविक वाक्ये होत. ‘-ण्यात येणे’ ह्या रचनेत कर्त्याचा उल्लेख न करता वाक्य पुरे होते, हा मराठीच्या प्रशासकीय गद्याचा मोठा सोयीचा शोध आहे. कोण भरणार, कोणाच्या मान्यतेने, केव्हा, हे वाक्याला विचारताच येत नाही. ‘रिक्त’ हे विशेषणही असेच. ते एका कृतीचा अभाव पदाचा गुणधर्म म्हणून सांगते. जणू काही पदे जात्याच रिक्त असतात.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने पंचवार्षिक बृहत् आराखडा बंधनकारक केला आहे, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु त्याचा रोख नवी महाविद्यालये व उच्च शिक्षणाच्या संस्था कोठे व्हाव्यात, ह्याकडे आहे. संस्था वाढविण्याचे गणित तेथे आहे. वाढलेल्या संस्थेत शिकविणारा रात्री कोठे असेल, हे गणित नाही.

वस्तुतः भविष्यातील सर्वांत निश्चित घटना आजच कागदावर असते. निवृत्तीची तारीख सेवापुस्तकातील जन्मतारखेवरून नेमणुकीच्या दिवशीच कळते. तरीही त्या दिवशी विभाग आकस्मिक संकटात सापडल्यासारखा वागतो. सहायक प्राध्यापकास आठवड्यास १६ आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकास १४ तास, हा अध्यापनाचा भारही ठरलेला आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाचे तास, त्यांवरून शिक्षकसंख्या, पुढील १० वर्षांतील निवृत्ती व त्यामुळे मोकळी होणारी घरे, हे सारे एकाच तक्त्यात मांडण्यास शासनाच्या परवानगीची गरज नाही.

पदभरतीची किल्ली विद्यापीठाच्या हाती नाही, असा आक्षेप येईल आणि तो बराचसा खरा आहे. तथापि अतिथिगृहातील काही खोल्या सत्रभरासाठी तासिका तत्त्वावरील शिक्षकांस वाजवी भाड्याने देणे, किंवा लातूरच्या वसतिगृहात संशोधक विद्यार्थ्यांसाठी सुट्टीतही चालू राहणारा एक मजला राखणे, हे निर्णय स्थानिकच आहेत. पीएच.डी.चा विद्यार्थी मे महिन्यातही विद्यार्थीच असतो. मेस मात्र एप्रिलअखेर बंद होते.