माळवदाखाली दुपारी कोण बसतं? शहागंजातलं एक घर आणि एनर्जीप्लस

शहागंजच्या घड्याळापासून पाच मिनिटांवर एक घर आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दीड फुटाच्या दगडी भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर फूटभर दाबलेली माती. माझ्या प्रबंधातल्या घरांपैकी हे एक. घरमालकांना आम्ही चाचा म्हणतो. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, ‘बेटा, तुमचं कॉम्प्युटर सांगेल का, माळवद उतरवून स्लॅब टाकू की राहू देऊ?’ मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, सांगेल.

सांगितलंही. मॉडेल तयार झालं, गणित चाललं आणि उत्तर आलं: झोपायच्या खोल्या उन्हाळ्यात बहुतेक रात्री सुसह्य नाहीत, त्यापेक्षा इन्सुलेशन घातलेला स्लॅब बरा. आलेख छान रंगीत होता. आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत होते. आणि उत्तर चुकीचं होतं.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एनर्जीप्लस हे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००१ साली पहिल्यांदा बाहेर आणलेलं, फुकट मिळणारं गणनयंत्र आहे. ब्लास्ट आणि डीओई-२ या दोन जुन्या प्रोग्रामांचा हा वारस. घराची मापं, भिंतींचे थर, खिडक्या, माणसं आणि वर्षाच्या ८,७६० तासांचं हवामान द्यायचं, ते तासातासाला आतलं तापमान आणि लागणारी ऊर्जा काढून देतं. थेट त्यात काम करणं किचकट, म्हणून आपण बहुतेक जण त्यावर चढवलेला एखादा इंटरफेस वापरतो. इंटरफेसमध्ये तयार साचे असतात. मी ‘निवासी’ साचा निवडला आणि पुढे गेले. चूक तिथे झाली.

त्या साच्यातलं कुटुंब सकाळी नऊला घराबाहेर पडतं, संध्याकाळी सहाला परततं, रात्री दहाला खिडक्या लावून बेडरूममध्ये झोपतं. चाचांच्या घरी दुपारी चाची असतात, सुना असतात, शाळेला सुट्टी असली की पोरं, आणि जेवायला वर आलेले दुकानातले दोघे. मेमध्ये रात्री घरात कोणी झोपतच नाही. मी विचारलं तेव्हा चाची हसल्या, ‘रात को तो हम ऊपर सोते, अंदर कौन सोता?’ वर म्हणजे माळवदावर. माझ्या मॉडेलने रिकाम्या खोल्यांना रात्रभर गुण दिले आणि भरलेल्या घराकडे दुपारभर पाठ फिरवली.

हे नुसतं वेळापत्रक चुकणं नाही, हे कागदावरही दाखवता येतं. उष्णतेची लाट भिंतीतून आत यायला किती वेळ लागतो ते जाडी आणि पदार्थावर ठरतं. दीड फूट म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर बेसाल्टसाठी पाठ्यपुस्तकातलं सूत्र सुमारे १२ तास देतं, नऊ इंची विटेच्या भिंतीसाठी सुमारे ७. फूटभर मातीच्या माळवदासाठी १० तासांच्या आसपास, आणि पाच इंची स्लॅबसाठी जेमतेम ३. म्हणजे दुपारी दोनचं ऊन स्लॅबमधून संध्याकाळी पाचला डोक्यावर येतं, माळवदातून मध्यरात्री, आणि तेही बरंच दमून. मध्यरात्री माणसं वर गार वाऱ्यात असतात. ज्यांनी हे घर बांधलं त्यांनी सूत्र मांडलं नव्हतं, पण भिंत आणि झोपायची जागा यांचा हिशोब एकत्र केलेला होता. साच्याने तो सोडवला.

न्यायाने सांगायचं तर एनर्जीप्लसला जड भिंत कळते. अशा प्रोग्रामांची एक ठरलेली परीक्षा असते: ८ बाय ६ मीटरची, २.७ मीटर उंचीची एक खोली, दक्षिणेला खिडक्या. एकदा हलक्या भिंतींची, एकदा जड. वेगवेगळ्या प्रोग्रामांची उत्तरं एकमेकांशी ताडून बघतात. एनर्जीप्लस त्यात नीट बसतं. पण प्रोग्राम एकमेकांशी जुळले याचा अर्थ ते शहागंजशी जुळले असा होत नाही.

उलट भिंत कळत नाही ती आपल्या सोप्या नियमांना. २०१८ च्या इको-निवास संहितेत घराच्या बाह्य आवरणातून येणाऱ्या उष्णतेसाठी प्रति चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा आहे, आणि त्या सूत्रात अपारदर्शक भिंतीची ओळख म्हणजे तिची यू-व्हॅल्यू. दीड फुटी बेसाल्टची यू-व्हॅल्यू साधारण २.३ येते, नऊ इंची विटेची २.१ च्या आसपास. म्हणजे कागदावर दगड हरला! बारा तासांच्या उशिराला तिथे रकानाच नाही. म्हणूनच मला सिम्युलेशन हवंय, ते टाकून द्यायचं नाहीये.

सुसह्य कशाला म्हणायचं, इथेही साचा आडवा येतो. त्यात एसी ऑफिसचा २४ अंशांचा आकडा बसलेला असतो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलेल्या आयमॅक मॉडेलप्रमाणे, एसी नसलेल्या इमारतीत बाहेरची महिनाभराची सरासरी ३२ अंश असेल तर माणसाला ३० च्या आसपास बरं वाटतं आणि साधारण ३२.५ पर्यंत चालतं. एवढी एक ओळ बदलली की तेच घर नापासाचं पास होऊ शकतं.

वाऱ्याचं तर बोलायलाच नको. हवामानाची फाइल (तिच्यावर शहराचं जुनंच नाव आहे) चिकलठाण्याच्या, म्हणजे विमानतळाच्या मोकळ्या माळाची. तिथला वारा दहा मीटर उंचीवर मोजतात. भूप्रदेश ‘शहर’ निवडला की प्रोग्राम तो थोडा मंद करतो. पण शहागंजची गल्ली दोन हातगाड्या जेमतेम जातील एवढी. तिच्यात वारा कुठून वळतो आणि कुठे अडतो हे त्या एका शब्दात कसं मावेल? शिवाय समोरच्या दुकानाच्या एसीचं बाहेरचं युनिट गल्लीतच गरम हवा फेकतं. कूलरचंही तसंच. खिडकीतल्या कूलरसमोर बसलेला माणूस आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यातला माणूस दोन वेगळ्या हवांत असतात, प्रोग्राम दोघांना एकच तापमान देतो.

मग मी काय केलं? साचा फेकला. सहा दिवस घरी बसून कोण कुठे, केव्हा, खिडकी केव्हा उघडी हे वहीत लिहिलं. रमजानच्या रात्री बाजार उशिरापर्यंत चालतो तेव्हाचं वेगळं पान केलं. पुन्हा चालवलं तर दुपारच्या तासांत माळवद स्लॅबपेक्षा स्पष्टपणे पुढे. वाऱ्याचा आकडा उलटसुलट करून पाहिला, क्रम बदलला नाही. नेमकं किती अंश, ते मी प्रबंधात छापणार नाही. तेवढा माझा या मॉडेलवर भरवसा नाही. क्रमावर आहे.

मार्गदर्शकांना हे पटवायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, साचा बदलला की दुसऱ्या कोणाच्या अभ्यासाशी तुलना होत नाही. मुद्दा खरा आहे. पण तुलना जपण्यासाठी मी चाचींना दुपारी घराबाहेर कशी काढू?

चाचांना जाऊन सांगितलं, राहू द्या. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. मग म्हणाले, ‘राहू दिलं असतं बेटा, पण दरवर्षी पावसाआधी वर माती चढवून दाबणारा माणूस कुठून आणू?’ पूर्वी येणारे आता येत नाहीत. गेल्या पावसाळ्यात मागच्या खोलीत दोन ठिकाणी गळलं. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. निघताना वर गेले तर अर्ध्या माळवदावर निळी ताडपत्री होती, कडेने विटा ठेवलेल्या.