पर्यायी वनीकरण आणि खानदेशातील अधिवास : एक चिकित्सा

विकासप्रकल्पामुळे नष्ट होणाऱ्या निसर्गाची भरपाई करता येते, हे गृहीतक १९८०च्या वनसंवर्धन कायद्यान्वये भारतात रूढ झाले. वनजमीन वनेतर कामासाठी दिली तर तितकीच वनेतर जमीन मिळवून तिच्यावर, किंवा काही प्रकरणी दुप्पट अवनत वनक्षेत्रावर, झाडे लावावीत असा दंडक आहे. यास पर्यायी वनीकरण म्हणतात. या कायद्यापूर्वी जंगल जवळजवळ फुकटच जात असे, हे लक्षात घेता या तरतुदीचे महत्त्व नाकारता येणार नाही. तथापि भरपाई नेमकी कशाची होते, हा प्रश्न खानदेशच्या अनुभवावरून विचारणे आवश्यक ठरते.

सरदार सरोवर प्रकल्पाला १९८७ मध्ये सशर्त पर्यावरणीय मंजुरी मिळाली. पर्यायी वनीकरण ही त्यातील एक अट होती. महाराष्ट्रातील बुडीत वनक्षेत्र ६,४८८ हेक्टर, म्हणजे तिन्ही राज्यांत सर्वाधिक. बाधित ३३ गावे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील. हे तालुके १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा होईपर्यंत धुळे जिल्ह्यात मोडत. या गावांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याचे सुमारे ४,२०० हेक्टर राखीव वन मोकळे करण्यात आले. एका जंगलाच्या बुडण्याची किंमत दुसऱ्या जंगलाने चुकवली. शिवाय त्या जमिनीचा काही भाग आधीपासून आदिवासी कसत होते. कागदावर मात्र त्यांची गणना अतिक्रमणात होत होती.

पुढे नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट यांना याच तळोदा–शहादा पट्ट्यात रानपिंगळा आढळला. १८८४ नंतर ११३ वर्षे या पक्ष्याची खात्रीलायक नोंद नव्हती. (मधल्या काळात रिचर्ड माइनर्टझागेन यांनी चोरलेल्या नमुन्यावर १९१४ची खोटी चिठ्ठी लावून संशोधकांना गुजरातेकडे वळवले होते. नोंदवहीवरील अंधविश्वासाचे हे बोलके उदाहरण होय.) रानपिंगळा विरळ, शुष्क पानझडी सागवनात राहतो आणि जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. ढोली तयार होण्यास झाडाचे वय लागते. रोपवनात रोपे किती जगली हे मोजता येते, ढोली लावता येत नाही. वन मोकळे करण्याचा निर्णय झाला तेव्हा हा पक्षी तेथे आहे हेच कोणास ठाऊक नव्हते. जे ठाऊक नाही त्याची भरपाई कोणत्या रकान्यात धरावयाची?

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या आदेशानंतर या भरपाईस निधीचे रूप आले. २०१६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. निव्वळ वर्तमान मूल्य जंगलाचा प्रकार व घनता पाहून आकारले जाते, ही सुधारणाच होय. परंतु अंमलबजावणीचे चित्र निराशाजनक राहिले. महालेखापरीक्षकांच्या २०१३च्या अहवालानुसार २००६ ते २०१२ या काळात देशभरात सुमारे १,०३,३८२ हेक्टर वनेतर जमीन मिळावयास हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर, आणि वनीकरण झाले ७,२८१ हेक्टरवर. तरीही अंमलबजावणी हा मुद्दा दुय्यमच मानावा लागेल. लक्ष्य शंभर टक्के गाठले असते तरी हिशेब हेक्टरचाच राहिला असता. नाल्याकाठचा एक हेक्टर आणि उघड्या माळाचा एक हेक्टर या हिशेबात समान ठरतात. सरदार सरोवराच्या गुजरातकडील बुडीत वनाच्या बदल्यात कच्छमध्ये झाडे लावली गेली, ती याच तर्काने.

पाणथळ जागांची अवस्था तर याहून बिकट. जळगाव जिल्ह्यातील तापीवरील हतनूर जलाशय गाळाने उथळ होत गेला. अभियंत्यांचा हा तोटा पक्ष्यांच्या मात्र पथ्यावर पडला. महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत हतनूरचे नाव आहे. परंतु २०१७च्या पाणथळ नियमांतील व्याख्येतून नदीपात्रे तसेच सिंचनासाठी वा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. साहजिकच तापीचे पात्र, तिच्या उपनद्या आणि हतनूर यांपैकी काहीच या नियमांच्या कक्षेत येत नाही.

अमेरिकेतील २००८चा नियम ओढे व पाणथळींची भरपाई पाणलोटाचा विचार करून ठरविण्यास सांगतो. तेथेही कृत्रिम पाणथळ मूळ पाणथळीची बरोबरी करते की नाही, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहेतच. मात्र नुकसान ज्या पाणलोटात झाले, भरपाई शक्यतो त्याच पाणलोटात व्हावी, एवढे तरी तेथे अपेक्षित धरले जाते. तापीच्या खोऱ्यातील ओढा बुजविणाऱ्यास हतनूरच्या काठी किंवा अनेरच्या पाणलोटात काही करावयास लावणारी तशी तरतूद आपल्या वनकायद्यात नाही आणि पाणथळ नियमांतही नाही.