आरमाराचे लाकूड, रयतेचा आंबा

जूनमध्ये पर्यावरण दिन आला की चाकण एमआयडीसीतल्या फाटकांवर आणि भोसरी-पिंपरीच्या चौकांत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला झाडांचा उतारा फलकांवर दिसू लागतो. वर शिवाजी महाराजांचे चित्र, खाली दोन-तीन वाक्ये : रयतेने झाडे लेकरांसारखी वाढवली आहेत, त्यांना हात लावू नका. वाक्ये खरी आहेत, पण त्यांच्या आधीचा मजकूर गेलेला असतो आणि नंतरचाही. उरते ते एक हळवे सुभाषित. मूळ उतारा हळवा नाही. ज्यांना लाकूड हवेच आहे आणि ज्यांच्या हातात कुऱ्हाडही आहे, अशा लोकांना दिलेला तो हुकूम आहे. मराठी गद्यात झाडे कशी तोडावीत याबद्दल इतके नेमके मी दुसरे काही वाचलेले नाही.

आज्ञापत्र 1715 च्या सुमाराचे, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावाने निघालेले. लिहिणारा माणूस शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत होता आणि राजाराम महाराज जिंजीला गेल्यावर ‘हुकूमतपन्हा’ म्हणून त्याने इथला मुलूख सांभाळला होता. तेव्हा उतारा थेट महाराजांच्या तोंडी घालू नये. महाराजांच्या राज्याची रीत एका मुरलेल्या कारभाऱ्याने उतारवयात शब्दांत धरली, असे म्हणावे. त्याने उताऱ्याची किंमत वाढतेच.

पहिली खुबी जागेची. हा मजकूर रयतेच्या किंवा शेतीच्या प्रकरणात येत नाही, तो आरमाराच्या प्रकरणात येतो. जिथे लाकडाची भूक सर्वांत मोठी तिथेच लगाम घातलेला आहे. गलबताला फळ्या लागतात, सोट लागतात, डोलकाठ्या लागतात. तेही थोर, सरळ, लांब लाकूड. अमात्य सुरुवात या गरजेपासून करतात. झाडांच्या महतीचे एक वाक्यही ते आधी खर्च करत नाहीत. गरज मान्य केली की मगच वाट सांगायची, हा कारभाऱ्याचा बाणा आहे.

वाट सांगतानाचा क्रम बघा. आधी स्वतःच्या राज्यातल्या अरण्यातला साग वगैरे. पण तोही मनास येईल तसा नाही. कोणते झाड सोयीचे ते हुजुरास लिहून कळवायचे, परवानगी आली की तोडायचे. जंगल राजाचे, आरमार राजाचे, तरीही मध्ये कागद आहे. त्याने भागले नाही तर उरलेले लाकूड परमुलखातून विकत आणायचे. एवढे दोन मार्ग सांगून झाल्यावर अमात्य आंबा-फणसाकडे वळतात. मोह पडणार तो तिसऱ्या पायरीवर, हे त्यांना ठाऊक आहे. किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यापासून साग दूर डोंगरात आहे, खरेदीला पैसा आणि वेळ जातो, आणि समोरच्या वाडीत घेरदार फणस उभा आहे.

इथे उताऱ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग येतो. आंबा-फणसाचे लाकूड जहाजाला निकामी आहे, असे अमात्य म्हणत नाहीत. तसे म्हटले असते तर काम सोपे होते. ही लाकडेही आरमाराच्या उपयोगाची आहेत हे ते आधी कबूल करतात आणि मग हात लावू देऊ नका म्हणतात. उपयोग आहे म्हणून हक्क आहे, असे होत नाही, हे त्यांना सांगायचे आहे. आणि ते एका ‘परंतु’च्या दोन बाजूंना ठेवून सांगितले आहे. फलकावर अर्थातच ही कबुली कधी नसते.

कारण दिले आहे तेही भावनेपासून सुरू होत नाही, काळापासून होते. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. मग रयतेचे श्रम, लेकराची उपमा, आणि हुकमी वाक्यांच्या रांगेत अचानक एक प्रश्न : तोडल्यावर त्यांच्या दुःखाला अंत कुठला? हुकूम देणारा प्रश्न विचारतो तेव्हा समोरच्याला उत्तर द्यावे लागत नाही, पण क्षणभर थांबावे लागते. अमात्य त्याला फार वेळ थांबू देत नाहीत. लगेच हिशेब येतो. दुसऱ्याला दुःख देऊन केलेले काम करणाऱ्यासकट थोड्याच काळात बुडते, प्रजेला पीडल्याचा दोष धन्याच्या पदरी पडतो, आणि झाडे नाहीशी झाली की नुकसान होते ते वेगळेच. आरमाराच्या प्रकरणात ‘बुडणे’ आले आहे. हे योजून केले की सहज, कोण सांगणार.

हा उतारा चाकणमध्ये वाचण्याचे कारण फलक एवढेच नाही. या पट्ट्यात लाकूड नजरेस येत नाही, पण इंजिने, गिअरबॉक्स, मोठी यंत्रे बहुतेक वेळा लाकडावर बसूनच कारखान्याबाहेर पडतात. पॅलेट आणि खोकी बनवणारे छोटे कारखाने औद्योगिक वसाहतीच्या कडेकडेने आहेत. निर्यातीच्या पॅलेटवरचा शिक्का कधी वाचून बघा. गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाची खूण, बनवणाऱ्याचा क्रमांक आणि एचटी ही अक्षरे. म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवले आहे, आतली कीड दुसऱ्या देशात जाणार नाही. त्या फळ्या पुष्कळदा पाइनच्या असतात. न्यूझीलंडसारख्या देशांतून ओंडके गुजरातच्या बंदरांवर उतरतात, गांधीधामच्या गिरण्यांत कापले जातात आणि इकडे येतात. अमात्यांची दुसरी पायरी, परमुलखातून खरेदी, ही अशी आपोआप अमलात आली आहे. फरक इतकाच की ती रयतेच्या झाडांवर दया म्हणून आलेली नाही, सरळ आणि एकसारख्या लाकडाचा भरवसा मिळतो म्हणून आली आहे.

तिसरी पायरीही चालूच आहे. निर्यातीचे नसलेले, स्थानिक फेऱ्यांचे खोके ज्याला व्यापारी जंगली लाकूड म्हणतात त्याचे असते. त्यात बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ येते, आणि आंबाही येतो. पॅकिंगच्या खोक्यांना आंब्याचे लाकूड पूर्वापार चालते. खिळा चांगला घेते, वजनाला फार नाही, स्वस्त पडते. एखाद्या बांधावर तीन पिढ्या उभा असलेला आंबा एका फेरीच्या खोक्यात संपतो. आरमारासाठी जे नाकारले ते सुट्या भागांच्या वाहतुकीसाठी आपण देऊन टाकले.

म्हणून उताऱ्याचे शेवटचे वाक्य, जे फलकावर कधीच येत नाही, पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. अमात्य दार पूर्ण बंद करत नाहीत. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर ते तोडता येते. पण त्याच्या धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने. जबरदस्ती मुळीच नाही. इथे संमती दोनदा मागितली आहे हे सहज लक्षात येत नाही. पैशाच्या आधी राजीपणा आणि पैशाच्या नंतर संतोष. पैशाची नड असलेला माणूस राजी होतो, व्यवहार पुरा झाल्यावर संतुष्ट असतोच असे नाही. मधे ठेवलेल्या रकमेने दोन्ही बाजूंची संमती झाकली जाऊ नये, एवढी काळजी त्या छोट्या वाक्यात आहे.

उक्त्या सौद्याशी हे ताडून बघा. लग्न, दवाखाना किंवा कर्जाचा हप्ता आला की शेतकरी उभे झाड विकतो. व्यापारी झाडाभोवती एक फेरी मारतो, बुंध्यावर हात ठेवतो आणि एकरकमी आकडा सांगतो. मोजणी होत नाही. झाली तरी गोल लाकडाच्या व्यापारात जुनी चौथाई घेराची रीत आहे : घेराचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचे. 4 फूट घेराचा, 10 फूट लांबीचा ओंडका या रीतीने 10 घनफूट भरतो. खरे घनफळ पावणेतेरा घनफुटांच्या आसपास येते. कापताना साल आणि तुकडे वाया जातात, ते या रीतीत आधीच धरलेले आहे, म्हणून तिला लबाडी म्हणता येत नाही. पण विकणाऱ्याला ती माहीत असायला हवी. उक्त्यात तर तेवढाही आधार नसतो.

कायद्यानेही अमात्यांचे कलम आपल्या परीने लिहून ठेवले आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम 1964 ला एक सूची जोडली आहे. तिच्यात साग आहे आणि आंबा, फणसही आहेत. शिवाय चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन अशी मंडळी. स्वतःच्या जमिनीतले यांतले झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. मेलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले किंवा पूर्ण वाढ होऊन गेलेले झाड असेल तर परवानगीची वाट मोकळी ठेवलेली आहे. म्हणजे पुन्हा ते जीर्ण झाडच. पिंपरी-चिंचवडसारख्या शहरी हद्दीत 1975 चा वेगळा कायदा चालतो. 2021 च्या दुरुस्तीने त्यात 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावायची असे ठरले. काळ हेच झाडाचे मोल, हा अमात्यांचा मुद्दा इथे अंकगणितात आला. संतोषाचे कलम मात्र बहुतेक कायद्यांना झेपत नाही. त्याच्या सर्वांत जवळ जातो तो 1969 चा कायदा, अनुसूचित जमातींच्या भोगवटादारांनी केलेल्या झाडविक्रीच्या फेरतपासणीचा. आदिवासींची झाडे ठेकेदारांनी मातीमोलाने घेतली, ते सौदे पुन्हा तपासता यावेत म्हणून तो झाला. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात जिथे हिरडा दरवर्षी बाळहिरड्याचे पैसे देतो, तिथे उभ्या झाडाची किंमत लाकडावरून काढणे हीच मुळात फसगत असते.

उताऱ्यात उणेही आहे. अरण्यातल्या सागावर आणखी कोणाचे पोट चालते, हा प्रश्न अमात्यांना पडत नाही. ते राजाच्या बाजूने लिहितात. आरमाराच्या प्रकरणात तोडीनंतरच्या लागवडीबद्दल काही नाही. ते शोधायला दुर्गांच्या प्रकरणात जावे लागते. तिथे गडावर थोर वृक्षांपासून फुलझाडांपर्यंत सगळे लावा, कामाचे असो वा बिनकामाचे, जतन करा, वेळप्रसंगी तेवढेच लाकूड होईल, असे सांगितले आहे. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचली तरच लाकडाचे पूर्ण गणित जुळते. चाकणच्या संग्रामदुर्गात उभे राहून हे वाचायला हरकत नाही, जरी 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी लढवलेल्या त्या भुईकोटात आता तट थोडेच उरले आहेत.

अर्धा उतारा वाचल्याने एक नुकसान प्रत्यक्ष होते. ‘हात लावू नका’ एवढेच मनात बसलेला शेतकरी सागाच्या रोपवनातही हात लावत नाही. 2 बाय 2 मीटरवर लावले तर हेक्टरी 2500 रोपे बसतात. काही वर्षांनी विरळणी करून वाकडी, दबलेली झाडे काढली नाहीत तर सगळीच उन्हासाठी उंच धावतात आणि काठीसारखी बारीक राहतात. वीस वर्षांनी फळी निघेल असे झाड सापडत नाही. सुबाभळीचे उलटे. उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने आणि मणिभाई देसाईंनी प्रसार केलेले हे झाड तोडल्यावरच कामाला लागते. जमिनीलगत, धारदार हत्याराने, साल न फाटता तिरका छाट दिला तर बुंध्यातून धुमारे फुटतात. त्यांतले दोन-तीन राखले की पुढची तोड तयार. शेंगा पिकू दिल्या तर मात्र ते शेजाऱ्याच्या शेतातही उगवते. सागही खोडव्यातून फुटतो. जुन्या आंब्याचे तसे नाही. तोडीसाठी लावलेले झाड आणि घरासाठी लावलेले झाड यांतला हा भेद उताऱ्याच्या मुळाशी आहे, आणि तोडीसाठी लावलेले न तोडणे हे जबाबदारीचे लक्षण नव्हे.

तेव्हा तुमच्या बांधावरच्या झाडाचा सौदा ठरत असेल तर व्यापाऱ्याच्या आधी तुम्ही दोरी घेऊन घेर मोजा, परवानगीचा अर्ज स्वतःच्या नावाने स्वतः द्या, आणि ज्याने ते लावले तो माणूस घरात अजून असेल तर विसार घेण्यापूर्वी त्याला विचारा.