पदांची यादी वाचताना: ‘योग्य’ कोण, पद की माणूस?

दिव्यांगांच्या सरकारी नोकरीबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक दोनच गोष्टींवर: ४ टक्के आरक्षण आणि खोटी प्रमाणपत्रं. माणूस एकदा नोकरीला लागला की टेबलाशी बसून दिवसभर काय आणि कसं करतो, हे कुणी फारसं विचारत नाही. माझं संशोधन त्यावरच आहे, म्हणून सध्या मी एक अत्यंत रूक्ष कागद वाचतेय. केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने ४ जानेवारी २०२१ ला काढलेली अधिसूचना. कोणतं पद कोणत्या प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी योग्य, याची ही यादी. साडेतीन हजारांच्या आसपास पदं आहेत.

पदाचं नाव, त्यापुढे कामाला लागणाऱ्या शारीरिक क्रिया, मग कोण चालेल ते. क्रिया इंग्रजी आद्याक्षरांत लिहिल्यात: एस म्हणजे बसणे, डब्ल्यू चालणे, बीएन वाकणे, एसई पाहणे, आरडब्ल्यू वाचणे-लिहिणे. माणसंही तशीच. ओए म्हणजे एक हात बाधित, ओएल म्हणजे एक पाय.

आधी यादीच्या बाजूनं बोलते. ती नसती तर ‘आमच्याकडे असं पदच नाही’ म्हणून प्रत्येक कार्यालयाने हात वर केले असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेले स्वमग्नता, मानसिक आजार वगैरे प्रकार तिच्यात आलेत. यादी परिपूर्ण नाही, केवळ दिशादर्शक आहे, हेही तिच्यातच लिहिलंय. (ही टीप किती आस्थापना विभागांनी वाचली असेल, देव जाणे.)

माझी तक्रार त्या आद्याक्षरांबद्दल आहे. ‘आरडब्ल्यू’च घ्या. पूर्ण अंध लिपिकाला वाचता येतं का? समोरचं पत्र युनिकोडमध्ये टाइप केलेलं असेल तर येतं, एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर ते मराठीत वाचून दाखवतो. तेच पत्र जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असलं की तोच स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांची निरर्थक बडबड करतो. आणि सही-शिक्क्यासकट नुसतं स्कॅन केलेलं असेल तर गप्पच, कारण त्याच्या लेखी ते चित्र. म्हणजे एकाच खुर्चीवर, एकाच माणसाला, अकरा वाजता वाचता येतं आणि साडेअकराला येत नाही. मधल्या अर्ध्या तासात त्याच्या डोळ्यांना काहीच झालेलं नसतं. बदलली ती फाइल. यादी मात्र क्षमता माणसाच्या शरीरात शोधते; फाइल कशी बनते, याला तिच्यात जागा नाही.

गंमत म्हणजे हे सगळं एकाच कायद्याच्या पोटात चाललंय. कलम ३३ म्हणतं, योग्य पदं ठरवा आणि जास्तीत जास्त तीन वर्षांनी त्यांचा आढावा घ्या. कलम २० म्हणतं, सरकारी आस्थापनेने वाजवी सोय करून द्यावी, म्हणजे त्या-त्या व्यक्तीच्या बाबतीत आवश्यक ते बदल करावेत. (‘सोय’ हा शब्दही घात करतो. सोय म्हटलं की उपकार वाटतो, हक्क वाटत नाही.) पहिलं कलम पद पक्कं धरून माणूस निवडतं, दुसरं माणूस पक्का धरून काम बदलायला सांगतं. यादी निघाल्यावर सहा आठवड्यांच्या आत, ११ फेब्रुवारी २०२१ ला, विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या विचाराला बळ दिलं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं की गरज व्यक्तीगणिक वेगळी, ती त्या व्यक्तीशी बोलून ठरवा. पण कार्यालयात रोज उघडली जाते ती यादी. निकालपत्र उघडायला वकील लागतो.

यादीतली एक तळटीप मला सगळ्यांत जास्त खटकते. एखाद्या पदावर दिव्यांग कर्मचारी आधीच काम करत असेल, तर ते पद आपोआप ‘योग्य’ धरावं. हेतू चांगला आहे, त्यामुळे दारं उघडतात. पण तो कर्मचारी तिथे टिकला कसा, हे ती विचारत नाही. कदाचित स्कॅन केलेली पत्रं शेजारच्या टेबलावरचा सहकारी वाचून दाखवत असेल. कदाचित पहिल्या मजल्यावरच्या साहेबांकडे फाइल पोचवायला शिपाई मदत करत असेल. कार्यालयाने काहीही न बदलता पद योग्य ठरलं, आणि त्याची किंमत मोजली ती त्या माणसाने आणि त्याच्या दोन-तीन भल्या सहकाऱ्यांनी. वाचून दाखवणाऱ्या त्या सहकाऱ्याची बदली झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते पद कितपत योग्य उरतं, याबद्दल अधिसूचनेत एक ओळही नाही.